सहा किलोचा दादा

आज गोव्यातल्या डिचोलीत एका कुळागरात (सुपारीच्या बागेत) जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा पाहिला. वजन जेमतेम सहा किलो, उंची गुडघ्याच्याही खाली, पण गेटवरचे दोन दांडगे गावठी कुत्रे त्याला वाट सोडून बाजूला! ही मिजास उगाच नाही. 19व्या शतकात इंग्लंडच्या डेव्हनमध्ये जॉन रसेल या पाद्र्याने कोल्ह्याच्या बिळात शिरणारे कुत्रे जोपासले, त्यांचाच हा वंश. अंधाऱ्या बिळात मालकाचा हुकूम पोचत नाही, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. म्हणून हाक मारल्यावर तो आधी विचार करतो, मग येतो. आला तर!

आपल्याकडे खरी पंचाईत पावसाळ्यात. चिऱ्यांच्या गडग्यात (दगडी बांधात) खुडबुड झाली की तो नाक घालणारच, आणि तिथे घूस असेल तशी घोणसही असू शकते. चावलीच तर कापाकापी नको, दोरी बांधणं नको. त्याला चालवू नका, उचलून थेट सापाच्या विषावरचं प्रतिविष असलेल्या जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. निघण्याआधी फोन करा, सगळीकडे ते नसतं.

कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर खालून उकरून पसार होईल. ‘सोड’ हा शब्द पिल्लू असतानाच शिकवा: मुठीत खाऊ धरायचा, त्यानं नाक मागे घेतलं की लगेच दुसऱ्या हातातून द्यायचा. एका वेळी पाच मिनिटं पुरे, पुढे तो कंटाळतो. ओरडलात तर तोही ओरडतो, आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा.