त्रेसष्ट दात्यांचा गिअर

यंत्रशाळेत देखरेखीचे काम माझ्याकडे असताना २४ मिमी व्यासाच्या दांड्यांवर लेथवर (दांडा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) १.५ मिमी पिचचे, म्हणजे लगतच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, लांब आटे पाडायचे होते. दुपारपर्यंत सहा दांडे तयार झाले. प्रत्येकावर पिच गेज (पिच तपासायची दातेरी पट्टी) नीट बसत होते आणि तपासणीचा पातळ चेकनट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी फिरवला तरी सहज जात होता. मात्र ६० मिमी लांबीची जोडणीची स्लीव्ह (आतून आटे असलेली नळी) चढवायला घेतली की बारा-तेरा आट्यांनंतर ती जड होई आणि पुढे हलेच ना. लेथ चालवणाऱ्या टर्नरने कापणाऱ्या टूलचा कोन तपासला, मी आट्यांची खोली तपासली. दोन्हींत दोष नव्हता.

शेवटी एका दांड्यावरचे १०० आटे मोजून व्हर्नियरने अंतर घेतले. ते १५० मिमी भरायला हवे होते, भरले १५१.२. एका आट्यामागे चूक जेमतेम ०.०१२ मिमी होती. चेकनटच्या पाच आट्यांत ती ढिलाईत सामावून जात होती, पण लांब स्लीव्हमध्ये आट्यागणिक साठत जाऊन अडकत होती.

मग लेथचे झाकण उघडून गिअरचे दाते मोजले. दांडा फिरवणारे स्पिंडल या गिअरांमार्फत लीडस्क्रू हा लांब स्क्रू फिरवते, आणि तो टूल धरणारे कॅरेज सरकवतो. त्या लेथच्या लीडस्क्रूला इंचाला चार आटे, म्हणजे पिच ६.३५ मिमी. स्पिंडलच्या एका फेऱ्याला कॅरेज १.५ मिमी सरकायचे, तर लीडस्क्रू १.५ : ६.३५, म्हणजेच ३० : १२७ या प्रमाणात फिरला पाहिजे. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी असल्यामुळे हा १२७ येतोच, आणि ती मूळ संख्या असल्यामुळे लहान गिअरांत फोडता येत नाही. आमच्या १२७ दात्यांच्या गिअरचे दोन दाते तुटले होते, म्हणून टर्नरने ३०/६३ × ४०/८० अशी जोडणी केली होती. त्यात १२७ च्या जागी १२६ धरले जातात. छोट्या बोल्टसाठी ही तडजोड वर्षानुवर्षे चालत आली होती, त्यामुळे त्याला दोष देणे मला न्याय्य वाटले नाही.

पेटीत ३७ आणि ४७ दात्यांचे गिअर होते. १२७ म्हणजे १०० गुणिले १.२७, आणि ४७ भागिले ३७ म्हणजे १.२७०२७, हव्या असलेल्या १.२७ च्या अगदी जवळ. म्हणून ३०/१०० × ३७/४७ अशी जोडणी केली. यात चूक १०,००० मागे सुमारे दोन उरते, म्हणजे स्लीव्हच्या पूर्ण लांबीत ०.०१३ मिमी. इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ-नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा उघडता येणारा नट) मध्येच सोडला तर टूल पुन्हा त्याच घळीत येत नाही, म्हणून प्रत्येक काप झाल्यावर स्पिंडल उलटे फिरवून कॅरेज मागे आणले.

नव्या दांड्यावर १०० आट्यांचे अंतर १४९.९६ मिमी भरले. टर्नरने आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडून स्लीव्ह लावली, आणि ती शेवटच्या आट्यापर्यंत एकसारख्या हलकेपणाने गेली. आधीचे सहा दांडे मी लाल रंग लावून बाजूला ठेवले आणि १२७ दात्यांच्या नव्या गिअरची मागणी त्याच संध्याकाळी लिहिली.