हत्ती सुपासारखा असतो

शाळेत उपमा अलंकार शिकवताना एक उदाहरण ठरलेलं असायचं : मुंबईची घरं लहान, कबुतराच्या खुराड्यासारखी. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, आमच्या वर्गात मुंबई कुणी पाहिलेली नव्हती. कबुतरं पाळणाराही गावात कुणी नव्हता. खुराडं म्हटलं की कोंबड्यांचंच. त्यामुळं मुंबईकर दिवेलागणीला वाकून एकामागे एक आत शिरतात आणि मागून कुणीतरी फळी लावून घेतं, असं चित्र माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. (पुढं मुंबई पाहिली, तेव्हा ते फार बदलावं लागलं नाही.) गुरुजी फळ्यावर चार भाग पाडून द्यायचे : घरं हे उपमेय, खुराडं हे उपमान, लहानपणा हा साधारण धर्म, ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. तेवढं उतरवलं की गुण पदरात.

कथा वाचायला लागल्यावर मात्र वाटायला लागलं की फळ्यावर एक खण रिकामा राहिला होता. हे म्हणतंय कोण? मुंबईचं घर खुराड्यासारखं दिसतं ते ओसरी-अंगणात वाढलेल्या माणसाला. चाळीतल्या खोलीतच जन्मलेल्या पोराला ते घरासारखं दिसतं. त्या एका वाक्यात मुंबई जेवढी आहे तेवढाच तो बोलणारा गडीही आहे : गावाकडून नुकताच आलेला, रात्री पाय कुठं पसरावेत या विवंचनेतला. कादंबरीत अशा माणसाची ओळख करून द्यायला लेखकाकडे तीस पानं असतात. कथेत तीन ओळीही नसतात. म्हणून कथेतली उपमा बोलणाऱ्याला उघडं पाडते की नाही, हे मी आधी बघतो. वस्तू किती हुबेहूब दिसली, ते नंतर.

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा एक दृष्टांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात तो नोंदवून ठेवलाय. गावात हत्ती येतो आणि जन्मांध माणसं तो चाचपून पाहतात. पायाला हात लागला तो म्हणतो, हत्ती खांबासारखा. कान हाती आला तो म्हणतो, सुपासारखा. सोंड धरलेला म्हणतो, मुसळासारखा. स्वामींना त्यातून ईश्वराविषयी काय सांगायचं होतं, ते पंथातली जाणती माणसं सांगतील. मी तो कथालेखनाचा धडा म्हणून वाचतो. हत्ती कुणालाच सापडला नाही हे खरं, पण कोण कुठं उभा होता हे बिनचूक कळलं. आणि खांब, सूप, मुसळ ही सगळी घरातलीच चीजवस्तू. हाताला जे सवयीचं, तेच तोंडात आलं. त्यातला एखादा जर म्हणाला असता की हत्ती मेघासारखा, तर तो आंधळा नक्कीच कवितासंग्रह काढून बसलेला.

आमची आत्या या बाबतीत भल्याभल्या लेखकांना भारी आहे. तिचं ‘सारखं’शी जमत नाही, तिचं ‘वानी’ आणि ‘गत’वर भागतं. मधे बऱ्याच महिन्यांनी गावाकडं गेलो आणि दुपारीच परत निघालो. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “उन्हाळ्यात टँकर आल्यावानी यायलास, अन् तसाच जायलास.” आता टँकरची वेळ कुणाला ठाऊक नसते. आज येणार म्हणून रात्रीपासून नंबर लावायचे, आणि आला की गल्लीभर घागरी, हंडे, पिंपं, पोरं, भांडणं. थोड्या वेळात रस्त्यावर नुसती ओल उरते आणि पुन्हा वाट बघणं सुरू. यातलं आत्या एक अक्षर बोलली नाही, पण मला सगळं लागलं. हेच वाक्य मी पुण्यातल्या एका मित्राला ऐकवलं, तर त्याला वाटलं मी फार आवाज करत जातो. त्याच्या सोसायटीत टँकर फोन केला की येतो, पैसे घेतो आणि गेटवरचा पहारेकरी वहीत त्याची नोंद करतो. मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरनं पाहिलं, तिथल्या वाचकाला टँकर समजावून सांगावा लागणार नाही.

उपमान एकटं येत नाही, ही त्यातली खरी गंमत आणि खरी जोखीम. आपण बोलावतो एका गुणासाठी, ते येतं सगळं गणगोत घेऊन. आमच्याकडं लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी गाव शेतात जातं. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबिलाचं मडकं, आणि ओळखीचा नसला तरी बांधावरून जाणाऱ्याला जेवायचा आग्रह. लातूर शहरातसुद्धा दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. समजा एखाद्या कथेत लिहिलं, ‘वाडा येळवसच्या दुपारच्या गावासारखा रिकामा होता.’ साधारण धर्म रिकामपण, फळ्यावर काही अडत नाही. पण येळवसचं रिकामपण खुशीचं असतं. माणसं गेलीत ती जेवायला, आणि दिवस मावळताना परतणार आहेत. वाडा जर लग्नाला गेलेल्या घराचा असेल तर उपमा चपखल. घरातला कर्ता माणूस गेलाय आणि मुलं परदेशी आहेत, असं असेल तर ती चुकली. आणि ती वाड्यात एकट्या राहिलेल्या म्हातारीच्या मनातून आली असेल, तर मात्र अंगावर काटा येईल, कारण ती अजून सगळे परतायची वाट बघतेय. वाक्य एकच, माणूस बदलला की कथा बदलली.

कापसाचंही तसंच. ढग कापसासारखे, हात कापसासारखे मऊ, हे लिहिणाऱ्यानं कापूस बहुधा गादीत पाहिलेला असतो. वेचणीला जाणाऱ्या बाईच्या बोटांना सुकलेल्या बोंडाची टोकं ठाऊक असतात. ओटीला बांधलेलं ओझं, किलोवर मिळणारी मजुरी, बोंडअळीनं किडकी निघालेली सरकी, हे सगळं तिच्या ‘कापूस’मध्ये येतं. तिच्या तोंडी मऊपणासाठी कापूस घातला की मला लेखक पानामागून डोकावताना दिसतो. तिच्याबरोबर शेतात आलेल्या चार वर्षांच्या पोरीनं, गाठोड्यावर आडवं पडून, म्हणायला हरकत नाही.

वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या जुन्या ग्रंथात यास्कानं गार्ग्य नावाच्या आचार्याची उपमेची व्याख्या दिली आहे. तिचा अर्थ असा की, जे ते नाही पण त्याच्यासारखं आहे, ती उपमा. ‘ते नाही’ हा पहिला अर्धा भाग लिहिणारे विसरतात. पडलेल्या इमारतीला बातम्यांत एक उपमा कायम तयार असते : पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जी घरं पडली, त्यांच्याबद्दल हे कुणी म्हटलं की मला राग येतो. ती दगड-मातीची घरं होती. जाडजूड भिंती, वर लाकडावर मातीचं माळवद. पत्त्यांचा बंगला पडला तर खालची मुंगीही मरत नाही. इथं माणसं मेली ती भिंतींच्या आणि माळवदाच्या वजनानं. उपमेनं वजनच काढून घेतलं. पडण्याचा वेग तेवढा जुळला आणि मारणारी गोष्ट गळाली. त्या पहाटेवर ज्यांना लिहायचंय त्यांनी भिंतीची जाडी लिहावी, ‘सारखं’ हा शब्द घरी ठेवावा.

किती उपमा घालाव्यात याचं माप नाही. पण आपल्या मातीत उपमांचा हात सैल आहे हे खरं. आपेगावचे ज्ञानेश्वर एका विचाराला दृष्टांतामागून दृष्टांत देत जातात आणि कंटाळा येत नाही, कारण समोर श्रोते बसलेले आहेत. पहिला दृष्टांत ज्याच्या डोक्यावरून गेला त्याला दुसरा पकडतो, तिसऱ्याला मान डोलते. कीर्तनात हे अजून चालतं. कथेत दुसरी उपमा आली की पहिलीवर लेखकाचा भरवसा नव्हता असं दिसतं. धावपळीच्या प्रसंगात तर एकही नको. विहिरीत पोर पडलेलं असताना पाणी कशासारखं दिसतं, हे बघायला काठावर कुणी थांबत नाही.

काव्यशास्त्राच्या जुन्या आचार्यांनी उपमेच्या दोषांचीही यादी केली होती. भामहानं मेधावी नावाच्या आचार्याच्या हवाल्यानं उपमेचे सात दोष सांगितले. त्यात उपमान उणं पडणं हा दोष, आणि वरचढ होणं हाही दोष. आजचा कथाकार या दोषांवरच पोट भरतो. नवा सरपंच चालताना सासुरवाडीला आलेल्या थोरल्या जावयावानी दिसतो, असं लिहिलं की सरपंच, जावई आणि सासुरवाडी तिघांचाही निकाल लागतो. भामहाला ते चाललं असतं की नाही, देव जाणे. आमच्या पारावर चालतं.

उपमा म्हाताऱ्याही होतात. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या मोटेचे बैल धावेच्या उतारावरून पुढं उतरायचे आणि मग मागं मागं चालत वर यायचे. कर्जात रुतलेल्या कुणब्यासाठी याहून नेमकी उपमा मला सुचत नाही. पण मोट गेली, धाव बुजली, आणि आता ती टिपेशिवाय छापता येत नाही. टीप लागली की उपमा संपली. टँकरचंही कधीतरी तेच होईल, आणि झालं तर बरंच.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणीच पाणी झालं. आयुष्यभर आभाळाकडं बघत आलेल्या माणसांच्या शेतात नद्या शिरल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कित्येक ठिकाणी वरची मातीच खरडून गेली. आमच्या भाषेत कोरडेपणाच्या उपमा ढीगभर, पण जास्तीच्या पाण्याला शब्द देताना सगळेच अडखळले. नव्यानं लिहिणाऱ्या एका मुलीनं त्यावर लिहिलेली कथा मला वाचायला दिली. त्यात एक शेतकरी बांधावर उभा राहून बघतो, तर ‘समुद्रासारखं’ पाणी. मी विचारलं, “यानं समुद्र पाहिलाय का?” ती म्हणाली, “न्हाई सर, मीबी न्हाई पाहिला.” पुढच्या खर्ड्यात वाक्य बदलून आलं : ‘लई वर्षांनी मुंबईहून आलेल्या थोरल्या भावावानी पाणी शेतात शिरलं, वाटणी मागायला.’

मी वाचून गपगार झालो. मग लालपेनानं शेवटचे दोन शब्द खोडले. भाऊ एवढ्या वर्षांनी कशाला आलाय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ते शब्द ठेवायचे की काढायचे यावर आमचं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, “काढल्यावर पुण्यातल्या वाचकाला कसं कळंल?” मी म्हणतो, पुण्यातही थोरले भाऊ असतात.