नाशिकहून समुद्राकडे, साउथहॅम्प्टनमार्गे

समुद्रविज्ञान शिकण्यासाठी मी इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनला आले तेव्हापासून नाशिकचे नातेवाईक एकच प्रश्न विचारत आहेत: ज्या गावाला समुद्र नाही, तिथल्या मुलीने हा उद्योग कशाला करावा? माझ्या मते हा संबंध गोदावरीच्या उगमाशी, ब्रह्मगिरीवरच जुळलेला आहे. अरबी समुद्र इतका जवळ असूनही गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांच्यासह तिने आणलेले गोडे, हलके पाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर उपसागरावर पसरते. खालचे खारे, जड पाणी त्यात सहजी मिसळत नाही, आणि म्हणून वरचा थर तापलेला राहून चक्रीवादळांना उष्णता पुरवतो.

हे सिद्धान्त वाचायला सोपे आहेत. ते ज्या मोजमापांवर उभे राहतात, ती मात्र चिकाटीची कामे आहेत. जहाजावरून एका गोल चौकटीत बसवलेल्या, दोन्ही टोके उघडी असलेल्या बाटल्या खोल सोडतात आणि ठरलेल्या खोलीवर वरून आदेश देऊन त्यांची झाकणे मिटवतात. बाटल्या वर आल्या की प्राणवायूच्या तपासणीचे पाणी अगदी आधी काढायचे, कारण हवेशी संपर्क आला की मोजमाप बिघडते. नळी कुपीच्या तळापर्यंत घालायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि लगेच मँगनीजचे क्षार व अल्कधर्मी आयोडाइड मिसळायचे. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची ही पद्धत १८८८ सालची आहे, पण आजही तिच्यावाचून चालत नाही. भरपूर प्राणवायू असलेल्या अटलांटिकच्या पाण्यात तपकिरी साका जमतो. अरबी समुद्रातील सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवरच्या, प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पट्ट्यातील पाण्यात मात्र तो पांढुरकाच राहतो.

जहाज सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून जगभरात आर्गो नावाचे सुमारे ४,००० स्वयंचलित फ्लोट, म्हणजे पाण्यात वर-खाली होत वाहणारी मोजमापयंत्रे, सोडलेले आहेत. ते साधारण १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाला कळवतात. हिंदी महासागरातील ही माहिती हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती पुरवणारी संस्था हाताळते. ही माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे, हे मला विशेष वाटते. नाशिकच्या भूगोलशिक्षकांनी उपसागराच्या उत्तर भागातील ऑक्टोबरचा एखादा आलेख वर्गात उघडावा. क्षारतेची रेषा पृष्ठभागाजवळ एकदम घसरलेली मुलांना सहज ओळखता येईल.