उत्तर काढू नका, तुलना करा

परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या जीआरई परीक्षेच्या गणितात माझे सगळ्यात आवडते प्रश्न म्हणजे क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन, मुलांच्या भाषेत 'क्यूसी'. अ आणि ब अशा दोन राशी दिलेल्या असतात. पर्याय कायम तेच चार, त्याच क्रमाने: अ मोठी, ब मोठी, दोन्ही सारख्या, आणि दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. हा चौथा पर्याय म्हणजे 'डी'. असेच प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेतही असायचे, २००५ मध्ये ते काढून टाकले. मला त्याची अजून हळहळ वाटते, कारण विचार कसा चालतो हे इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रश्नप्रकार मला माहीत नाही.

मी जीआरईसाठी मुलांना गणित शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांची आकडेमोड बहुधा पक्की असते, आणि नेमकी तीच इथे आडवी येते. २ चा ३० वा घात मोठा की ३ चा २० वा, असं विचारलं की हात थेट स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरकडे जातो. त्या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावतात. २ चा ३० वा घात दहा अंकी आहे, त्यामुळे तिथे नुसतं 'एरर' झळकतं. खरं तर दोन्हींमधून १० वा घात बाहेर काढला की एकीकडे ८ चा १० वा घात उरतो आणि दुसरीकडे ९ चा. झालं, ब मोठी. त्या संख्या किती आहेत हे कुणी विचारलेलंच नव्हतं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली आहे: गणिताचे एकूण २७ प्रश्न आणि ४७ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंसुद्धा पुरती नाहीत. तेवढ्यात दहा अंकी गुणाकार कशाला करत बसायचं?

म्हणून मी आधी छाटायला शिकवते. अ मध्ये ५क्ष + य + ७ आणि ब मध्ये ४क्ष + य + ७ असेल, तर दोन्हींकडून ४क्ष + य + ७ वजा करा. उरतं काय? क्ष आणि शून्य. अख्खा प्रश्न एवढाच होता: क्ष धन आहे का? बेरीज-वजाबाकी दोन्ही बाजूंना बिनधास्त करावी. गुणाकार-भागाकार मात्र चिन्ह माहीत असल्याशिवाय नाही. क्ष चा वर्ग आणि क्ष यांची तुलना करताना दोन्हींना क्ष ने भागायचा मोह होतो, पण क्ष ऋण असेल तर मोठं-लहान उलटं होतं, आणि शून्य असेल तर भागताच येत नाही. इथे २ घेतला तर वर्ग मोठा, अर्धा घेतला तर क्ष मोठा. उत्तर डी.

या डीबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. मुलं तो 'मला जमलं नाही'चा पर्याय समजतात आणि अडली की तिथे टिक करतात. डी हे ठाम विधान आहे: दिलेल्या अटींत बसणारी दोन वेगवेगळी उदाहरणं आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात. ती दोन उदाहरणं हातात असतील तरच डी निवडा. दोन्ही राशींत नुसत्या ठरलेल्या संख्याच असतील, तर डी शक्यच नाही. मग आकडा कितीही अवघड दिसो, तो पर्याय तिथल्या तिथे खोडा.

माझं लाडकं उदाहरण आयताचं आहे. परिमिती ४०. अ राशी क्षेत्रफळ, ब राशी १००. बरेच जण १२ आणि ८ बाजू घेतात, ९६ येतं, आणि ब मोठी म्हणून पुढे जातात. पण चौरसही आयतच असतो. बाजू १० आणि १० घेतल्या की क्षेत्रफळ बरोबर १००, म्हणजे उत्तर डी. आता ब मधला १०० पुसून तिथे १०१ लिहा. ४० परिमितीच्या कुठल्याही आयताचं क्षेत्रफळ १०० च्या वर जातच नाही, म्हणून आता उत्तर निर्विवाद ब. एका अंकाने प्रश्नाचा स्वभावच बदलतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं की मुलं आपणहून टोकाच्या किमती तपासू लागतात: शून्य, एक, ऋण संख्या, अपूर्णांक. प्रश्नात 'पूर्णांक' हा शब्द नसेल तर अपूर्णांक विसरायचा नाही, हे मी प्रत्येक तासाला बजावते.

भूमितीत तर डोळ्यांवर अजिबात विसंबू नका. आलेख आणि निर्देशक प्रतलावरच्या आकृत्या प्रमाणात असतात, पण भूमितीच्या साध्या आकृत्या तशा असतीलच असं नाही. रेषाखंडावरचा बिंदू अगदी मध्यावर दिसत असला, तरी तो मध्यबिंदू आहे असं लिहिलेलं नसेल, तर कागदावर तीच आकृती दोनदा काढा. एकदा बिंदू डाव्या टोकाकडे सरकवा, एकदा उजव्या. दोन्ही वेळा दिलेली एकही अट मोडली नाही, तर डावा भाग मोठा की उजवा याचं उत्तर डी.