सराउंड स्पीकर घेताना: आधी सोफा, मग स्पीकर

होम थिएटरचे पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर ठरले, की उरलेल्या पैशांत बसतील ते दोन छोटे डबे सराउंड म्हणून मागच्या भिंतीला लावून बहुतेक जण मोकळे होतात. मी उलट्या टोकाने गेलो. आधी बसायची जागा पक्की केली, मग भिंतीवरची, आणि शेवटी त्या जागेला मानवेल असा स्पीकर शोधला.

५.१ मध्ये, म्हणजे पुढे तीन स्पीकर, दोन सराउंड आणि एक सबवूफर या मांडणीत, सराउंड थेट पाठीमागे नसतात. टीव्हीची दिशा शून्य धरली तर ते दोन्ही बाजूंना १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या थोडे मागे येतात. त्यासाठी कोनमापक लागत नाही. बसलेल्याच्या डोक्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, त्याला ०.३६ ने गुणा आणि तेवढं मागे जा, की ११० अंश झाले. आमचा हॉल ११ फूट रुंद आहे. साडेपाच फुटांना हे गणित २ फूट येतं. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ही जागा भिंतीच्या पलीकडे जाते. म्हणून डोकं भिंतीपासून अडीच फुटांवर येईल इतका सोफा पुढे घेतला. डावीकडे बाल्कनीचा सरकता दरवाजा आहे, पण कोपऱ्यात दीड फूट भिंत उरते आणि स्पीकरची जागा तिच्यावरच आली. दोन्ही बाजूंची उंची आणि कोन सारखे ठेवता आले, याचं मला फार मोल वाटतं.

सोफा हलवणं शक्यच नसेल तर बाजूच्या भिंतींवर ९० अंशांच्या आसपास, कानापेक्षा सुमारे दोन फूट वर बायपोल स्पीकर लावावेत. त्यांचा आवाज दोन दिशांना पसरतो, त्यामुळे जवळ बसलेल्याच्या कानात तो टोचत नाही. सोफ्याच्या दोन्ही टोकांना मागच्या भिंतीवर साधे स्पीकर लावले तर टोकाला बसलेल्याला त्याच्याजवळचाच ऐकू येतो. पुढे छतात ॲटमॉसचे (वरून आवाज देणारे) स्पीकर घालायचे असतील तर डायपोल (दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध आवाज फेकणारे स्पीकर) टाळा आणि सराउंड कानाच्या पातळीपासून फार वर नेऊ नका, नाहीतर वरचा आणि बाजूचा आवाज वेगळा कळत नाही. मी ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कानाच्या फूटभर वर ठेवला आहे, सोफ्यावरच्या डोक्यांची आड येऊ नये एवढ्यापुरता.

आता स्पीकर. अडीच-तीन इंची वूफरचे सॅटेलाइट दिसायला सुटसुटीत, पण त्यांतले बरेचसे दीडशे हर्ट्झच्या खाली दमतात. मग क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, तितका वर न्यावा लागतो, आणि मागून यायचा पुरुषी आवाज सबवूफरच्या कोपऱ्यातून येतोय हे कळू लागतं. ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर हवा तर चार ते सव्वापाच इंची वूफरचा बुकशेल्फ स्पीकर बघा आणि तो किती खालपर्यंत वाजतो यासाठी माहितीपत्रकात उणे ३ डेसिबलचा आकडा वाचा. उणे १० चा आकडा नुसता फुगवलेला दिसतो. शक्यतो पुढच्या स्पीकरच्याच मालिकेतला घ्या, म्हणजे गाडी पुढून मागे जाताना तिचा आवाज बदलत नाही. भिंतीवर लावायचा असेल तर बंद पेटीचा किंवा पुढे पोर्ट (पेटीतल्या हवेचं भोक) असलेला बरा. मागचा पोर्ट भिंतीला चिकटला की खालचा आवाज घुमतो.

वॉटच्या मागे धावू नका. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटला एक मीटरवर इतका आवाज देणारा) स्पीकर पावणेदोन मीटरवर एका वॉटला सुमारे ८१ डेसिबल देतो, दहा वॉटला ९१. फ्लॅटमध्ये रात्री ऐकायला हे भरपूर आहे.

वायर मात्र शुद्ध तांब्याची घ्या. १२ मीटरच्या अंतराला दीड स्क्वेअर एमएमच्या वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.३ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो पाच टक्क्यांच्या आत बसतो. ४ ओहमचा असेल तर अडीच स्क्वेअर एमएम. स्वस्त वायर ब्लेडने खरवडून पाहा: आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे आणि रोध दीडपट धरा. विजेच्या वायरच्या पाइपमधून ही वायर कधीही नेऊ नका, वेगळी पट्टी मारा. वायरलेस सराउंडलाही प्रत्येकी एक प्लगपॉइंट लागतोच.

नव्या इमारतींत भिंती बहुधा हलक्या सायपोरेक्स ब्लॉकच्या असतात. साधा प्लास्टिकचा प्लग त्यांत हळूहळू सैल होतो, आणि चार-पाच किलोचा स्पीकर खाली येऊ शकतो. त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग मिळतात, तेच वापरा. ड्रिल हॅमरवर न ठेवता नुसतं फिरवा.

कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे रिसीव्हर माइकने स्पीकर मोजून जुळवतो तेव्हा, पंखा बंद, माइक कानाच्या उंचीवर स्टँडवर. रिसीव्हर कधीकधी सराउंडला ‘लार्ज’ (खालचा आवाजही स्वतःच वाजवणारा) ठरवतो; ते ‘स्मॉल’ करून ८० किंवा १०० हर्ट्झ द्या. दोन्ही स्पीकरवर एकच मोनो आवाज लावा. मधोमध बसूनही तो पोकळ, दिशाहीन वाटला तर एकाची लाल-काळी वायर उलटी आहे.

सगळं जोडूनही मागून काहीच येत नसेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा. टीव्हीचा आवाज एचडीएमआयने रिसीव्हरकडे नेणाऱ्या साध्या एआरसीवर आउटपुट ‘पीसीएम’ असेल तर दोनच चॅनल बाहेर पडतात. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा आणि ॲपमध्ये ५.१ चा ट्रॅक निवडला आहे ना, तेही बघा.