वळिवात बंद पडलेला कॉम्प्युटर आणि अण्णांच्या ६४३ नक्ष्या

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर भाजून निघालेल्या सोलापुरावर वळीव कोसळला आणि अशोक चौकाकडच्या आमच्या गल्लीत लाइट तीनदा गेली, तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू होता होता थांबला. काळ्या पडद्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर' अशी अक्षरं आली, मग 'तुमचा पीसी नीट सुरू झाला नाही', आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

कॉम्प्युटर जुना, २०१६ साली जोडून घेतलेला. त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्याच्या १ टीबीच्या हार्डडिस्कवर अण्णांच्या नक्ष्या होत्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या नक्ष्या काढत होते. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. त्या एका आडव्या ओळीवरून जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, पुठ्ठ्याचं एक कार्ड पाडायचं. चौकोन भरलेला असेल तिथे भोक, म्हणजे धागा उचलला जाणार. मोर, कमळ, रथ, वेलबुट्टी, सगळं असं चौकोनाचौकोनानं. घरी ट्रंकेत ठेवलेले हे कागद वाळवीनं खायला सुरुवात केली तेव्हा मी सहा महिने रोज संध्याकाळी पतसंस्थेतून आल्यावर दोन-दोन, चार-चार करत सगळे स्कॅन केले. ६४३ कागद. प्रत्येक फाइलला अण्णांनी सांगितलेलं नाव आणि साल. त्यानंतर मूळ कागदांपैकी बरेचसे गेलेच. दुसरी प्रत काढून ठेवायची, हे मी वर्षानुवर्षं उद्यावर टाकलं होतं.

दुरुस्ती आपोआप होते आहे असं समजून मी त्या रात्री मशीन तसंच चालू ठेवलं. 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' ११ टक्क्यांवर होतं, सकाळीही ११ टक्क्यांवरच. ती रात्र मला आजही टोचते. विंडोजची ही दुरुस्ती डिस्कवर लिहिते, जागा हलवते. आजारी डिस्कवर तिनं आठ तास धडका मारल्या, त्या माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका दुकानात कॅबिनेट उचलून नेलं. मुलानं पाच मिनिटांत सांगितलं, "मॅडम, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागंल. संध्याकाळपर्यंत करून देतो की."

"आणि आतल्या फाइली?"

"बघू की. निघाल्या तर निघाल्या."

त्या 'निघाल्या तर निघाल्या'नं माझ्या पोटात गोळा आला. कॅबिनेट परत रिक्षात घातलं. विंडोज सुरू न होणं आणि फाइली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला अंधुक ठाऊक होतं. पुढचे चार दिवस मी या एका समजुतीला धरून काढले आणि ज्या कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला असेल त्याला मी हात जोडून हेच सांगेन: आधी फाइली बाहेर, मग दुरुस्ती. फॉरमॅट झाल्यावरही 'फोटोरेक'सारखे प्रोग्रॅम बरंच काही खणून काढतात, पण ते फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर देत नाहीत, आकडे देतात. मोर कुठला, कुठल्या सालचा, हे कोण सांगणार होतं?

पॉलिटेक्निकला शिकणारा माझा भाचा संध्याकाळी आला. "आत्या, विंडोजला हातच नको लावायला. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवू," म्हणाला. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, मिंट हा तिचा एक प्रकार. त्यानं त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट उतरवून घेतलं आणि 'रूफस' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवलं. (पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्यावा.) कॉम्प्युटर चालू करताना आमच्या मदरबोर्डवर एफ १२ दाबलं की कुठून सुरू व्हायचं ते विचारतो. कुठे एफ ८ असतं, कुठे एफ ११, कुठे एफ ९. पेनड्राइव्ह निवडला आणि दोन मिनिटांत पडदा उजळला. ज्या मशीनला दुकानात उडालं म्हणाले होते, तेच मशीन चालत होतं. फक्त डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं एक चिन्ह असतं, त्याला चुकूनही हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवरूनच चालू ठेवायचं.

डिस्क दिसली. 'नक्षी' फोल्डरही दिसला. मला रडू आलं. पण फाइली ओढायला घेतल्या तर तेराव्या-चौदाव्या फाइलीला कॉपी अडकली. कॅबिनेटमधून बारीक आवाज यायला लागला, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. भाच्यानं 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट तपासणी उघडली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ही नोंद ठेवत असते. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' समोर २१६ होतं, म्हणजे इतक्या जागा डिस्कला वाचता येत नव्हत्या. तापमान ५१ अंश. भाच्यानं लगेच सगळं बंद केलं.

त्याचं म्हणणं असं, की मरायला टेकलेल्या डिस्कवरून एकेक फाइल ओढणं सगळ्यांत वाईट. डिस्कचं वाचणारं डोकं सारखं इकडून तिकडे पळतं, खराब जागेवर पुन्हापुन्हा घासतं, आणि चांगल्या जागा वाचायच्या आधीच डिस्क जीव सोडू शकते. त्यापेक्षा आख्ख्या डिस्कची एकदाच सरळ नक्कल काढायची आणि पुढचे सगळे उद्योग त्या नकलेवर करायचे.

अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्याकडं हेच होतं की. कार्ड झिजलं, भोकं फाटली, की आधी त्याची दुसरी प्रत पाडून घ्यायची. मग फाटक्याला हात लावायचा. कार्ड एकदा मागात अडकून तुकडे झाले तर नक्षी कुठनं आणणार?"

मग माझं डोकं शांत झालं. करायचं काय ते समजलं.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतून २ टीबीची बाहेरून जोडायची डिस्क आणली. नक्कल काढायला जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम वापरला. तो फुकट आहे. मिंटमध्ये आधीपासून नसतो, मोबाइलचं इंटरनेट जोडून उतरवून घेतला. त्याची काम करायची पद्धत मला फार आवडली. पहिल्या फेरीत तो जे सहज वाचता येतं ते घेत सुटतो, अडलं की तिथे रेंगाळत नाही, पुढे उडी मारतो. चांगलं सगळं हाताशी आलं की मगच मागे येऊन खराब पट्ट्यांच्या कडा कुरतडतो, आणि शेवटी एकेका सेक्टरला पुन्हा विनवतो. कुठलं घेतलं, कुठलं राहिलं याची नोंद तो 'मॅप फाइल'मध्ये ठेवतो.

दोन गोष्टींची भीती होती. पहिली, मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल. लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, आणि उलटं लिहिलं तर चांगल्यावर कोरं चढतं. आम्ही आकारावरून ओळखलं: १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दाखवते, २ टीबीची १.८ टीबी. भाच्यानं वाचलं, मी वाचलं, मग एंटर. दुसरी भीती लाइटची. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स सगळं मेमरीत ठेवतं, मशीन बंद झालं की विसरतं. म्हणून मॅप फाइल आम्ही दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर ठेवली. नक्कल नव्या डिस्कवर एका मोठ्या फाइलीच्या रूपात जात होती.

उन्हाळ्याचा प्रश्न अण्णांनी सोडवला. कॅबिनेटचं झाकण काढून त्यांनी टेबलफॅन आतल्या डिस्ककडे तोंड करून लावला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. तापमान ४३वर आलं. शेजारच्या काकूंनी कुठेतरी ऐकलेलं सांगितलं, डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. ते करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डिस्क उघडायचीही नाही, आतलं डोकं तबकडीपासून इतकं जवळून फिरतं की धुळीचा एक कण पुरतो. आमच्या डिस्कमधून टक्-टक् असा ठोक्यांचा आवाज आला असता तर भाचा पुढे जाणारच नव्हता. मग ती पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत पाठवायची, हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि त्यासाठी मी पैसेही बाजूला काढले होते.

संध्याकाळी सातला सुरू केलं. दहापर्यंत बहुतेक सगळी डिस्क येऊन गेली. खरा वेळ उरलेल्या थोडक्यानं खाल्ला. रात्री तीनच्या सुमाराला लाइट गेली, पंखा थांबला, पडदा काळा. अंधारात मी आणि अण्णा तसेच बसून राहिलो. चारला लाइट आली. पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू, पुन्हा डीडीरेस्क्यू उतरवून घ्यायचा, तोच आदेश, तीच मॅप फाइल. आणि तो थांबला होता तिथून पुढे निघाला. मी देवापुढे दिवा लावला. सिद्धेश्वरांना नारळ त्याच क्षणी बोलले होते.

दुसऱ्या रात्रीपर्यंत आकडा ९९.९९ टक्क्यांवर येऊन थांबला. ३८ एमबी वाचताच आलं नाही. जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली. नकलेची फाइल 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून उघडली आणि आतल्या फाइली तिसऱ्या ठिकाणी, भाच्याच्या लॅपटॉपवर काढून घेतल्या. घरचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, आईच्या आवाजातली जात्यावरची गाणी, सगळं आलं.

पण ३८ एमबी कुणाच्या वाट्याचं गेलं? फाइलींची नावं सगळी दिसत होती, त्यावरून काही कळत नव्हतं. भाच्यानं इथे डीडीरेस्क्यूचीच एक युक्ती केली. नकलेची आणखी एक प्रत घेऊन तिच्यात न वाचलेल्या जागी एक ठरावीक शब्द भरला, आणि मग तो शब्द कुठल्या कुठल्या फाइलींत सापडतो ते शोधलं. आमच्या नक्ष्यांपैकी नऊ निघाल्या.

त्या नऊ उघडताना अण्णा माझ्या शेजारी चष्मा लावून बसले होते. सहा फाइली टिफ प्रकारच्या. सुरुवातीला मी टिफमध्येच स्कॅन करत होते. न दाबलेल्या टिफमध्ये चित्राचे ठिपके जसेच्या तसे ओळीनं साठवलेले असतात, म्हणून चित्रात फक्त बोटभर पट्टी गेलेली. तीन फाइली जेपेग. जागा वाचावी म्हणून मी नंतर जेपेगकडे वळले होते. जेपेग दाबून बसवलेलं असतं, मधला एक तुकडा गेला की पुढचं सगळं बिघडतं. एका कमळाचा वरचा भाग नीट, आणि खाली नुसता करडा रंग. आता मी जपायचं ते सगळं टिफमध्येच ठेवते.

(एक गोष्ट राहून जाईल म्हणून मध्येच सांगते. आमची डिस्क कुलूप नसलेली होती, म्हणून लिनक्सला उघडता आली. नव्या विंडोज लॅपटॉपवर बिटलॉकरसारखं कुलूप बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मशीन चालू आहे तोवर ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. भाच्यानं त्याची त्याच रात्री लिहून घेतली.)

सहा नक्ष्या अण्णांनी दोन दिवसांत भरून दिल्या. चादरीत तोच मोर पुन्हा पुन्हा येतो. पट्टीत गेलेले चौकोन त्यांनी शेजारच्या मोरावरून मोजून घेतले, पेन्सिलीनं आलेखाच्या कागदावर, मग लाल रंगानं. हात थोडा थरथरतो, पण चौकोनाबाहेर रंग जात नाही.

कमळाची चादर साखर पेठेतल्या माझ्या मावशीच्या ट्रंकेत निघाली, तिच्या लग्नात दिलेली. अण्णांनी ती खाटेवर पसरली, कापड मोजायचं भिंग लावलं आणि सुईच्या टोकानं एकेक धागा मोजत कागदावर उतरवला. चार दिवस लागले. वेलीची चादर एका जुन्या कामगाराच्या घरी मिळाली. ते काका चादर स्वतः घेऊन आले आणि दुपारभर अण्णांसोबत धागे मोजत बसले.

तिसरी रथाची आहे, १९८४ सालची. ती चादर अजून सापडलेली नाही. अण्णांनी रथाची चाकं आठवणीतून काढून ठेवली आहेत. वरचा कळस किती चौकोनांचा होता, ते त्यांना आठवत नाही. ज्या कुणाच्या ट्रंकेत कडेला रथ असलेली निळी-पांढरी सोलापुरी चादर असेल, त्यांनी ती एकदा उलगडून बघावी.