आतित्लानच्या काठावरचे मुक्काम

शनिवार, रात्री

आतित्लान सरोवर एका दिवसात बोटीने फिरून पाहायचे नाही, हे आज पक्के झाले. काठावरच्या पानाहाचेल गावाहून सकाळी निघून चार-दोन गावांना तासतासभर थांबणारी आणि दुपारी परत आणून सोडणारी फेरी सोयीची आहे, यात शंका नाही. पण जेथे एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना बोली बदलते, बायकांच्या अंगावरील उइपिलचे, म्हणजे हाताने विणलेल्या पोलक्याचे, रंग आणि नक्षी बदलते, तेथे तासाभरात धक्क्याजवळची दुकाने तेवढी पाहून होतील. आईला घेऊन एवढ्या लांब जायचे, तर मुक्काम थोडे असावेत आणि ते गावांमध्येच असावेत, असे मला मनापासून वाटते.

सरोवर ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे. प्राचीन काळी एका प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचून जो खोलगट भाग तयार झाला, त्यात हे पाणी साठले. त्याची खोली तीनशे मीटरहून अधिक आहे, आणि दक्षिणेच्या बाजूला सान पेद्रो, तोलिमान व आतित्लान हे तीन ज्वालामुखी उभे आहेत. आपल्या लोणारप्रमाणेच या सरोवरातूनही बाहेर वाहणारी नदी नाही. त्यामुळे पाण्याची पातळी वर्षानुवर्षे वरखाली होत राहते आणि पातळी वाढली की काठालगतची घरे व धक्के पाण्याखाली जातात. गावे चढावर का वसली आहेत, हे त्यावरून समजते. आईच्या गुडघ्यांसाठी मात्र हा चढ अवघड आहे, म्हणून धक्क्यापासून गावात नेणाऱ्या रिक्षा कोठे मिळतात हे प्रत्येक ठिकाणी आधीच विचारून ठेवणार आहे.

वेळापत्रक ठरवताना सर्वांत जास्त विचार वाऱ्याचा करावा लागला. सकाळी सरोवर शांत असते. दुपारकडे पॅसिफिक किनाऱ्यावरून येणारी उबदार हवा डोंगरातल्या थंड हवेला भिडते आणि ‘शोकोमिल’ नावाचा वारा सुटतो. त्या वेळी छोट्या लांचा, म्हणजे मोटरबोटी, लाटांवर जोरात आदळतात आणि पुढे बसलेल्यांना चांगलेच दणके बसतात. म्हणून पाण्यावरचा प्रत्येक प्रवास सकाळीच करायचा आणि दुपार त्या त्या गावात पायी फिरण्यासाठी ठेवायची, असा नियम मी आराखड्याच्या माथ्यावर लिहून ठेवला. जानेवारी हा कोरडा महिना असल्याने पावसाची चिंता नाही, पण रात्री गार असतात, तेव्हा आईची शाल आणि कानटोपी न्यायलाच हवी.

सुरुवात शुक्रवारी सोलोलाच्या बाजाराने होईल. हे गाव पानाहाचेलच्या वर, डोंगराच्या कडेला आहे आणि तेथे मंगळवारी व शुक्रवारी मोठा बाजार भरतो. या बाजाराला आजूबाजूचे काक्चिकेल या माया समाजाचे शेतकरी भाजीपाला घेऊन येतात, आणि पुरुषही पारंपरिक विणीचे कपडे घालून आलेले दिसतात. चिचिकास्तेनांगोचा गुरुवार-रविवारचा बाजार अधिक प्रसिद्ध आहे, पण त्यासाठी सरोवर सोडून डोंगरांतून बराच प्रवास करावा लागतो. तो विचार सोडून देताना मला वाईट वाटले नाही.

तेथून सान हुआन ला लागुना. त्झुतुहिल या दुसऱ्या माया समाजाच्या या गावात स्त्रियांच्या विणकाम सहकारी संस्था आहेत. झाडांच्या साली, पाने आणि मुळे उकळून त्या सूत रंगवतात आणि एक टोक खांबाला, दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या मागावर कापड विणतात. आईने आयुष्यभर शिवणकाम केले आहे. ती म्हणाली, “अगं, मला तिथे नुसतं बसून बघू देतील ना? मी मध्ये काही बोलणार नाही.” तिच्यासाठी तेथे एक अख्खी दुपार मोकळी ठेवली आहे. एका उइपिलमागे कित्येक आठवड्यांचे कष्ट असतात, म्हणून तेथे भावाची घासाघीस करायची नाही, हेही आमचे ठरले. शेजारच्या सान पेद्रोने २०१६ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. आपण कापडी पिशव्याच घेऊन जाव्यात.

सान्तियागो आतित्लानला मुक्काम करण्याविषयी मी आग्रही आहे. यादवी युद्धाच्या काळात या गावाने फार सोसले. येथील चर्चचे ओक्लाहोमाहून आलेले धर्मगुरू स्टॅन्ली रॉदर यांची १९८१ मध्ये हत्या झाली. २ डिसेंबर १९९० रोजी लष्करी तळासमोर जमलेल्या निःशस्त्र गावकऱ्यांवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात दहाहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर गावाने एकजुटीने मागणी करून लष्कराला तेथून हलवायला लावले. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅन वादळाच्या पावसाने डोंगर खचून पानाबाह ही त्याच गावाची वस्ती चिखलाखाली गाडली गेली. हे सगळे माहीत असताना तेथे घाईने जाणे मला योग्य वाटत नाही. माशिमोन या लोकदैवताचे दर्शनही तेथेच घ्यायचे. ही मूर्ती दरवर्षी कोफ्रादियाच्या, म्हणजे तिची सेवा करणाऱ्या धार्मिक मंडळाच्या, वेगवेगळ्या सभासदाच्या घरी असते, त्यामुळे यंदाचे घर गावात पोहोचल्यावर विचारावे लागेल. भाविक तिला सिगारेट आणि दारू अर्पण करतात, हे ऐकून आईने लगेच आपल्याकडच्या भैरोबाच्या नैवेद्याची आठवण काढली. फोटो काढण्याआधी परवानगी घ्यायची आणि तेथे जी दक्षिणा असेल ती द्यायची.

सान्ता कातारिना आणि सान आन्तोनियो पालोपो या पूर्वेकडच्या गावांचे काय करावे, हे अडले होते. पण पानाहाचेलहून तेथे रस्ता आहे आणि पिकअप गाड्या जातात, म्हणजे वाऱ्याची अडचण येत नाही. तेव्हा शुक्रवारी बाजारातून परतल्यावर दुपारीच तिकडे जाऊन येऊ. उद्या सान हुआनच्या निवासाला पत्र लिहून तळमजल्यावरची खोली मागायची आहे.